गळा जुना, खांदे नवे

४ नोव्हेंबर

निवृत्त झाल्यावर डायरी लिहायची असं ठरवलं होतं. त्याला आज मुहूर्त लागला. एवढे दिवस घर आवरण्यात गेले आणि घर काही आवरून झालं नाही.

पण आजचा दिवस लिहिण्यासारखा आहे. मी कामाला लागले. पगार नाही, हजेरी नाही, तरी काम आहे. नकाशा विभागातली माझी जुनी मैत्रीण गेले दोन महिने मागे लागली होती की हातकाम कोशावर ये, तुझ्यासारखी माणसं हवीत. हा कोश म्हणजे इंटरनेटवरचा विकी. सुतारकाम, पुस्तकबांधणी, विणकाम, कुंभारकाम, काय वाटेल ते. कुणीही यावं, पान उघडावं, भर घालावी, दुरुस्ती करावी. आता कुणीही यावं म्हटलं की कुणीही येतंच. आज ‘सरस’ नावाच्या पानावर एका महाभागाने सगळा मजकूर पुसून आपल्या दुकानाचा पत्ता टाकला होता.

सोय अशी की प्रत्येक पानाला इतिहास असतो. कुणी, कधी, काय बदललं आणि त्याआधी पान कसं होतं, सगळं जपून ठेवलेलं. जुनी आवृत्ती उघडायची, ‘पूर्ववत करा’ दाबायचं, खाली बदलाचं कारण लिहायचं. पान होतं तसं. मी कारण लिहिलं, ‘जाहिरात काढली’, आणि मला इतकं बरं वाटलं की मी उठून स्वतःसाठी चहा केला.

तिथे टोपणनाव घ्यावं लागतं. मी ‘काटेकोर’ घेतलं. हे म्हणाले, ‘छान, ओळखू येशील.’ ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे आपल्याला सगळं नीट दिसतं असा ह्यांचा समज आहे.

७ नोव्हेंबर

आज स्वयंपाकघर पूर्ववत केलं.

वन्सं आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मी नोकरीत होते. सकाळी जायचे ती दिवेलागणीला यायचे. घर त्यांनीच सांभाळलं, हे नाकारायचं कारण नाही. पण सांभाळता सांभाळता सगळं हलवलं. चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवरून खाली ओट्याशेजारी, पातेली कपाटात, सुऱ्या खिडकीपाशी. मला माझ्याच घरात गाळणी विचारून घ्यावी लागायची. आता मी घरी आहे. सकाळी हे दुकानात गेल्यावर लागले कामाला आणि दुपारपर्यंत सगळं पूर्वी होतं तिथे गेलं. डबे पुन्हा वर.

वन्सं दारात उभं राहून बघत होत्या. म्हटलं, काही बोलतील. ‘साहेबांची बदली घरात झाली म्हणायची,’ एवढंच म्हणून आत गेल्या. ऑफिसात मला सगळे साहेब म्हणायचे, ते त्यांनी कुठूनसं ऐकलं आणि चिडल्या की त्या मला साहेब म्हणतात.

८ नोव्हेंबर

कोशावर फारसं काही नाही. ‘मातीची भट्टी’ पानावर कुणीतरी शिवी लिहिली होती, ती काढली. वन्संनी चार वाजता चहा घेतला नाही. म्हणाल्या, इच्छा नाही.

११ नोव्हेंबर

आज पहिला खरा त्रास. ‘गळ्यापासून खाली विणायचा स्वेटर’ असं एक पान आहे. हा स्वेटर म्हणे वरून सुरू करतात, आधी गळा, मग खांदे, मग खाली. मला विणकामातलं ओ की ठो कळत नाही. पण पान कसं दिसायला हवं ते कळतं. चांगलं स्थिर पान, कित्येक महिने कुणी बोट लावलेलं नाही, लोकांनी खाली आभार मानलेले. आणि आज कुणीतरी येऊन गळा आणि खांदे हे दोन्ही भाग सपशेल बदलून टाकले. टाक्यांचे आकडे वेगळे, खांद्यावरची बटणांची पट्टी गायब. बदलाचं कारण रिकामं. नाव नाही. खातं न उघडता लिहिलं की नावाच्या जागी नुसता एक लांबलचक नंबर दिसतो, तसा हा नंबरवाला.

कारण न देता आकडे बदलायचे म्हणजे काय? आमच्या पाणीपुरवठा खात्यात कुणी नकाशावरचा नळाचा व्यास असा बदलला असता तर दुसऱ्या दिवशी अर्ध्या वस्तीला पाणी आलं नसतं. मी पान पूर्ववत केलं. कारण: ‘स्पष्टीकरणाशिवाय केलेला बदल’.

१२ नोव्हेंबर

नंबरवाला परत आला. सगळं पुन्हा त्याचं. ह्या वेळी कारण दिलं आहे: ‘आधीचं बावळट होतं.’

पूर्ववत केलं. मी लिहिलं: ‘कृपया सभ्य भाषा वापरावी.’

१३ नोव्हेंबर

तो: ‘सभ्य भाषेने स्वेटर होत नाही.’ मी: पूर्ववत.

खरं सांगायचं तर मजा येते आहे. सकाळी उठल्या उठल्या बघते, आला का. मी त्याचं नाव ‘आगाऊ’ ठेवलं आहे. असेल कुणी पंचविशीतलं कार्टं, चार स्वेटर विणून जगाला शिकवायला निघालेलं.

वन्संना विचारावं असं एकदा मनात आलं. त्यांनी सगळी नोकरी स्वेटरच्या कारखान्यात काढली, नवे नमुने विणून बघायच्या खात्यात. पण एक प्रश्न विचारला की पुढे महिनाभर ऐकावं लागतं. राहू दे. शिवाय त्यांचा वेळ हल्ली भाचीने दिलेल्या टॅबवर जातो. खोलीचं दार लोटून घेतात आणि मालिका बघत असाव्यात. मधूनच आतून ‘गाढव’ असं ऐकू येतं.

१५ नोव्हेंबर

आज एक नवलाचा प्रसंग. वन्सं आणि मी पाऊण तास गप्पा मारल्या, तेही न भांडता.

मीच चहा करून दिला. त्या कप हातात धरून म्हणाल्या, जगात काही माणसं दुसऱ्याचं पुसायलाच जन्माला येतात. आपण डोकं चालवून काही लिहावं, आणि कुणीतरी येऊन ते रोज पुसून टाकावं. मला वाटलं, जिन्यातल्या फळ्याबद्दल बोलताहेत. खालचा पहारेकरी त्यांनी लिहिलेल्या सूचना पुसतो, ही त्यांची जुनी तक्रार. मी म्हटलं, अगदी खरं आहे, माझ्याही वाट्याला एक तसाच आला आहे. समजावून सांगितलं तरी ऐकत नाही, आपलंच घोडं पुढे दामटतो. वन्सं म्हणाल्या, अशांना भीक घालू नकोस. मी म्हटलं, तुम्हीही घालू नका.

त्यांनी हसून मला बिस्किटं पुढे केली. मग खोलीत गेल्या आणि मी इकडे लॅपटॉप उघडते तो आगाऊने पान पुन्हा बदललेलं. काय माणूस आहे. मी तिथल्या तिथे पूर्ववत केलं, आणि कारणाच्या जागी लिहिलं की विणकाम येत असेल तर आधी नाव सांगायचं धैर्य दाखवा.

१६ नोव्हेंबर

आगाऊकडून काही नाही.

१९ नोव्हेंबर

वन्सं चालल्या.

सकाळी नाश्त्याला त्यांनी ह्यांना सांगितलं की ह्या महिनाअखेरीनंतर भाचीकडे राहायला जाणार आहेत. कायमच्या. भाची म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, तीन-चार तासांच्या अंतरावर असते. तिच्या घरी एक खोली रिकामी आहे. हे घास हातात धरून बसले. म्हणाले, अचानक काय झालं, कुणी काही बोललं का? वन्सं म्हणाल्या, कुणी काही बोललं नाही, तेच सांगते आहे. आता ही घरात आहे, तिचं घर ती बघेल. मी काय नुसती खुर्ची अडवून बसू?

हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, वन्सं, असं काही नाही. पण जीव तोडून म्हटलं नाही. खोटं कशाला लिहू, ही डायरी दुसरं कुणी वाचणार नाही. पहिला विचार आला तो त्यांच्या खोलीचा. उजेड चांगला आहे. तिथे माझं टेबल छान बसेल.

संध्याकाळी हे जेवले नाहीत नीट. एकदाच म्हणाले, ‘ताई जाते म्हणते.’ जणू मला सकाळचं आठवतच नव्हतं.

२० नोव्हेंबर

कोशाचे मुख्य राखणदार आहेत, त्यांचं टोपणनाव लोकरमामा. त्यांनी मला निरोप पाठवला. भाषा गोड होती, पण अर्थ स्पष्ट: तुम्ही आणि हा नंबरवाला मिळून एकच पान सारखं उलटं-पालटं करता आहात, विणणाऱ्यांनी कुठलं खरं मानायचं? पूर्ववत करणं हे औषध आहे, रोज घ्यायचं नसतं. चर्चापानावर बोला आणि काहीतरी एक ठरवा.

मला राग आला. मग पटलं. चर्चापानावर मी दोन परिच्छेद लिहिले, अत्यंत सभ्य. आगाऊचं उत्तर नाही.

२१ नोव्हेंबर

तोडगा काढला, आणि स्वतःवर खूश आहे. नोकरीत दोन खात्यांची भांडणं ह्याच पद्धतीने मिटवायचे. कुणालाच सगळं द्यायचं नाही, दोघांना अर्धं अर्धं.

गळ्याचा भाग मी जुन्या आवृत्तीतला ठेवला. खांद्यांचा भाग आगाऊचा घेतला, बटणांची पट्टी नसलेला. कारणाच्या जागी लिहिलं: ‘दोन्ही पक्षांचा मान राखून.’ लोकरमामांनी तासाभरात आभार मानले आणि म्हणाले की अशीच समतोल माणसं हवीत, तुम्हाला राखणदार करण्याचा विचार आहे. राखणदाराला एका बोटाच्या टिचकीने पान पूर्ववत करता येतं, माझ्यासारखं चार ठिकाणी दाबावं लागत नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, ‘घरात पण दे ना कुणाला तरी अर्धं.’ मी विचारलं, म्हणजे काय? म्हणाले, काही नाही.

२४ नोव्हेंबर

आगाऊने काहीच बदललेलं नाही. तोडगा मान्य झाला म्हणायचा.

वन्संनी माळ्यावरून आपली बॅग काढून घेतली. ह्यांनी काढून दिली, आणि मग पुसत बसले, स्वच्छ होती तरी. दुपारी वन्सं ह्यांच्या डोक्याला टेप लावून माप घेत होत्या. स्वेटर विणणार आहेत म्हणे, जाण्याआधी. ह्यांचं डोकं मोठं आहे, लग्नात टोपी उसनी आणावी लागली होती. मी म्हटलं, गळ्याला डोक्याचं माप कशाला? वन्सं म्हणाल्या, ‘मला नाही, तुमच्या त्या शहाण्या जगाला कळायला हवं.’ त्यांचं कधी कधी मला झेपत नाही.

पण एक आहे. सुया हातात आल्यावर त्या वेगळ्या दिसतात. पाठ ताठ होते. टॅब मांडीवर उघडा ठेवून विणतात, मधून मधून बघतात आणि तोंड वाकडं करतात.

२८ नोव्हेंबर

डॉक्टर मैत्रिणीकडे जाऊन आले, गुडघा ठीक आहे. येताना वन्संसाठी लोकरीच्या दोन गुंड्या आणल्या, त्यांनी सांगितलेला निळा; ह्यांचा स्वेटर करडा आहे, हा कशाला ते काही कळलं नाही. दुकानात वाटलं, उगाच आणते आहे, आता किती दिवस. तरी आणल्या.

स्वयंपाकघरात त्या स्टुलावर चढून चहाचा डबा काढत होत्या. मी म्हटलं, अहो, पडाल, मला सांगायचं की. म्हणाल्या, ‘दर वेळी काय सांगायचं.’ तेव्हा लक्षात आलं की चार वाजताचा चहा त्यांनी तीन आठवडे का सोडला होता. मी डबा खाली ओट्यावर ठेवला. पण एक डबा खाली ठेवून काय होतं, साखर वरच होती.

२ डिसेंबर

आज पोट दुखेपर्यंत हसले.

स्वेटर झाला. वन्संनी ह्यांना दुकानात जाण्याआधी समोर उभं केलं आणि म्हणाल्या, घाल. ह्यांनी हात घातले, मग डोकं घातलं, आणि डोकं मधेच अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. गळा लहान मुलाचा आणि खांदे पैलवानाचे. आतून ह्यांचा आवाज येत होता, ताई, श्वास, श्वास. मी ओढते तर वन्सं ओरडल्या, ओढू नकोस, टाके जातील. आणि मग अतिशय शांतपणे मला म्हणाल्या, ‘थांब, आधी ह्याचा एक फोटो काढ. माझ्या टॅबवर.’

मी काढला. हसता हसता हात हलला. मग कात्री घेऊन वन्संनी गळ्याचा दोरा कापला, ह्यांची सुटका झाली. केस सगळे उभे, चष्मा कपाळावर. मी विचारलं, वन्सं, तुमच्या हातून असं कसं झालं? म्हणाल्या, ‘माझ्या हातून नाही. लिहिलंय तसंच विणलं, एक टाका इकडचा तिकडे केला नाही.’

कुठे लिहिलंय ते विचारायचं राहूनच गेलं, कारण ह्यांनी कान दाखवायला सुरुवात केली. लाल झाले होते.

इतक्या दिवसांत आम्ही तिघं एकत्र हसलो नव्हतो. वन्सं तर डोळे पुसत होत्या. मग त्या आवरायला आत गेल्या, शनिवारी भाची गाडी घेऊन येणार आहे.

३ डिसेंबर

काय लिहू.

सकाळी चर्चापान उघडलं. आगाऊचं उत्तर होतं. एक फोटो आणि खाली दोन ओळी: ‘गळा अरुंद असेल तर खांद्यावर बटणांची पट्टी लागते. पट्टी नको असेल तर गळा रुंद लागतो. काटेकोर ह्यांनी गळा अरुंद ठेवला आणि पट्टीही काढली. हा त्यांच्या समतोलाचा परिणाम.’

फोटोत एक माणूस होता. डोकं स्वेटरात, दोन्ही हात वर. मागे आमचा हिरवा पडदा. कोपऱ्यात माझा अंगठा.

मी लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला. फोटो तिथेच. खाली लोकांनी हसून घेतलं होतं. एकीने लिहिलं होतं की तिचाही स्वेटर ह्या पानामुळे वाया गेला, बिचाऱ्या मुलाचे कान ओढले गेले, आता ती सगळं उसवते आहे.

भिंतीपलीकडे वन्सं खोकल्या. महिनाभर मी ह्या भिंतीला टेकून बसत होते.

ह्यांना दुकानात फोन केला. सांगितलं. ह्यांनी आधी गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग म्हणाले, ‘माझा चेहरा दिसत नाही ना?’

४ डिसेंबर

वन्संना सांगितलं नाही. कालही नाही, आजही नाही. दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा तर आत गेले आणि विचारलं काय, तर मिरची संपली आहे का.

चुकीचं मला फार वाईट वाटत नाही, चूक दुरुस्त करता येते. जुना नमुना बरोबर होता, त्यांचा नवाही बरोबर होता, मी अर्धं-अर्धं करून दोन्ही बिघडवले. ते होतं. पण मी सगळा इतिहास वरपासून वाचला, तारखांसकट. अकरा तारखेला त्यांनी पहिला बदल केला. मी डबे वर ठेवले त्याला चार दिवस झाले होते. सोळा तारखेला त्यांनी बदल करणं थांबवलं. एकोणीसला म्हणाल्या, मी जाते. पंधराला मी तिथे लिहिलं होतं, विणकाम येत असेल तर नाव सांगायचं धैर्य दाखवा. त्या दिवशी दुपारी त्यांनी मला बिस्किटं दिली होती.

दुपारी त्या झोपल्या असताना स्वयंपाकघरात गेले. त्यांनी लावलं होतं तसं लावायचा प्रयत्न केला. डबे खाली घेतले, ते आठवत होतं. सुऱ्या खिडकीपाशी. पण पातेली कुठल्या कपाटात होती? चमचे उजवीकडे की डावीकडे? तीन वर्षं रोज बघितलं आणि आठवेना. इथे जुनी आवृत्ती उघडायची सोय नाही. उभी राहून रडले, खरंच रडले. मग हातात येईल तसं लावलं.

५ डिसेंबर

सकाळी वन्सं चहाला उठल्या, डबा ओट्याशेजारी बघितला आणि थबकल्या. म्हणाल्या, ‘पातेली वरच्या नाही, खालच्या कप्प्यात होती.’ आणि स्वतः हलवली.

मी लॅपटॉप आणून त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवला. काही न बोलता पानाच्या इतिहासात गेले, त्यांची अकरा तारखेची आवृत्ती उघडली आणि पूर्ववत केलं. माझा सगळा समतोल गेला. कारणाच्या जागी त्यांच्या डोळ्यांदेखत लिहिलं: ‘चूक माझी होती. लिहिणारीला विणकाम येतं, मला येत नाही.’ खाली उमटलं, काटेकोर.

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वाचलं.

‘तो काटेकोर तू?’

मी मान हलवली. मला वाटलं आता बरसतील. त्या स्टुलावर बसल्या आणि कितीतरी वेळ हसत राहिल्या. मग हसू थांबलं. म्हणाल्या की त्यांना वाटलं होतं, कुणी तरुण पोरगा असेल, हाफिसात बसून टिचक्या मारणारा. त्याला हरवायचं म्हणून सकाळी लवकर उठत होत्या. कारखाना सुटल्यापासून असं कुणाशी वैर केलं नव्हतं, छान वाटत होतं.

‘मग थांबलात का?’ मी विचारलं.

‘दमले गं. घरात ठेवलेलं पुसलं जातं, तिथे लिहिलेलं पुसलं जातं. म्हटलं, आपली आता कुठेच गरज नाही, तर उगाच का खोळंबायचं.’

मी म्हटलं, वन्सं, जाऊ नका. ह्यांच्यासाठी म्हणून नाही सांगत. मला तुम्ही हव्या आहात. तुमची खोली हवी होती मला, तेही सांगते, तिथे टेबल लावणार होते. आता नको. घरात मी एकटी असले की सगळं जिथल्या तिथे राहतं आणि कुणी गाढव म्हणत नाही.

त्या उठल्या. कप विसळला. म्हणाल्या, भाचीला शब्द दिलाय, ती रजा काढून येते आहे. बघू.

‘बघू’ म्हणजे वन्संच्या तोंडी नाहीच असतं. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, ‘तू सांगितलंस ना? मग झालं.’ पण हे जेवले नाहीत.

६ डिसेंबर

भाची अकराच्या सुमाराला आली. बॅग दाराशी, त्यावर लोकरीची पिशवी, त्यावर टॅबची रिकामी पेटी. टॅब मात्र वन्संच्या हातात. भाचीने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली. वन्सं म्हणाल्या, पाच मिनिटं थांब, एक काम राहिलंय, आणि खोलीत जाऊन दार लोटलं. पाचाची वीस झाली. हे खिडकीशी उभे राहून गाडीकडे बघत होते, जणू तिचं चाक पंक्चर होईल म्हणून.

मला काही सुचेना. सवयीने लॅपटॉप उघडला. स्वेटरच्या पानावर नवा बदल होता, नुकताच. ह्या वेळी नंबर नव्हता. खातं उघडलेलं होतं, नावासकट: ‘वन्सं’. जगात कुणाच्या वन्सं, ते कोशावर कुणालाच कळणार नाही.

गळा तसाच, खांदे तसेच. शेवटी दोन वाक्यं वाढवली होती: ‘हा स्वेटर वीत-वीत विणून झाला की ज्याचा आहे त्याच्या अंगावर घालून बघावा लागतो, हाच ह्याचा फायदा. म्हणून लांब राहणाऱ्या माणसासाठी तो विणता येत नाही.’

त्याखाली बदलाचं कारण. मी ते दोनदा वाचलं आणि मग ह्यांना हाक मारून वाचायला लावलं, कारण मला पुढचं दिसेना. लिहिलं होतं: ‘निळा साहेबांसाठी विणते आहे. माप द्यायला आत या.’

मी आत गेले. वन्सं टेप घेऊन उभ्याच होत्या. म्हणाल्या, हात वर कर. श्वास सोड, पोट आत घेऊन फसवू नकोस. बाहेर हे भाचीला जेवायला थांबवत होते आणि ती विचारत होती, मग बॅग पुन्हा माळ्यावर टाकू का?

संध्याकाळी लोकरमामांचा निरोप आला. नव्या सदस्याचं स्वागत आहे, पण बदलाच्या कारणात हे खासगी काय लिहिलंय, ते पूर्ववत करावं का?

मी उत्तर दिलं, करू नये. कारण बरोबर आहे.